आधी पत्ते, मग छपाई

तू दोन गोष्टी विचारल्यास. एक म्हणजे झाइन, म्हणजे आपणच लिहून, छापून वाटायचे छोटे अंक, त्यांच्या वर्कशॉपमध्ये तुला सांगितलं की हा प्रकार सत्तरच्या दशकात पंक संगीतवाल्या पोरांनी झेरॉक्स मशीनवर सुरू केला, ते खरं का. आणि दुसरं, सायन्स फिक्शनवाल्यांची ती फॅनझिन्स, म्हणजे चाहत्यांनीच काढलेले अंक, हा नुसता शाळकरी हौसेचा मामला होता, का सेल्फ पब्लिशिंगच्या इतिहासात त्यांना काही जागा आहे. मी तीसेक वर्षं छपाईच्या धंद्यात काढली, सायक्लोस्टाइलपासून डीटीपीपर्यंत सगळं हाताखालून गेलंय, आणि ही जुनी फॅनझिन्स मिळतील तशी वाचत आलोय, म्हणून उत्तर लांबणार. चहा घेऊन बस.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे, नाही. लंडनमध्ये मार्क पेरीने 'स्निफिन ग्लू' हे पंकचं झाइन काढलं ते १९७६ मध्ये. शिकागोच्या सायन्स करस्पाँडन्स क्लबने 'द कॉमेट' काढलं ते मे १९३० मध्ये, संपादक रेमंड पामर, जो पुढे १९३८ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' या धंदेवाईक मासिकाचाच संपादक झाला. साधारणपणे 'कॉमेट'लाच पहिलं सायन्स फिक्शन फॅनझिन मानतात, आणि गंमत म्हणजे त्यात कथा जवळपास नव्हत्याच, विज्ञानावरचे लेखच जास्त. तेव्हा फॅनझिन हा शब्दसुद्धा नव्हता, फॅनमॅग म्हणायचे. फॅनझिन हा शब्द रसेल शोव्हेने नावाच्या माणसाने ऑक्टोबर १९४० मध्ये आपल्या 'डिटूर्स' नावाच्या अंकात वापरला. हा माणूस कानाने बहिरा, आणि बुद्धिबळात इतका तयार की १९५९ मध्ये अमेरिकेची अमॅच्युअर चॅम्पियनशिप जिंकला. पंकवाल्यांनी आणि त्यांच्यानंतरच्यांनी त्याच शब्दाचं मागचं शेपूट तेवढं ठेवलं, झाइन.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. लोक इतिहास सांगताना मशीनपासून सुरुवात करतात, अमुक साली अमुक यंत्र आलं आणि मग सगळे छापायला लागले. मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते माझ्याच फजितीवरून सांगतो. ८६ साली आम्ही चार मित्रांनी विज्ञानकथांचं एक छोटं अनियतकालिक काढलं. एका ऑफिसातली सायक्लोस्टाइल मशीन रविवारी वापरायला मिळाली, शाई आमची, कागद आमचा. ३०० प्रती काढल्या. चोवीस पानं, मध्ये स्टेपल, कव्हरवर स्टायलसने कोरलेलं रॉकेट, जे दुधीभोपळ्यासारखं दिसत होतं. सोमवारी सकाळी आमच्या लक्षात आलं की या ३०० प्रती द्यायच्या कुणाला हे आपण ठरवलेलंच नाही. नातेवाईक, कॉलेजातले मित्र, दोन पेपरस्टॉलवाले (त्यातल्या एकाने पंधरा दिवसांनी गठ्ठा न सोडताच परत दिला) असं करून सत्तरेक गेल्या असतील. बाकीच्या माळ्यावर, घर बदललं तेव्हा रद्दीत. म्हणजे छापणं आम्हाला जमलं होतं, पोचवणं जमलं नव्हतं.

अमेरिकेतल्या त्या पोरांचं नेमकं उलटं झालं होतं. ह्यूगो गर्न्सबॅकने एप्रिल १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' सुरू केलं, पुढे त्यात वाचकांच्या पत्रांचं सदर आलं आणि पत्र छापताना खाली लिहिणाऱ्याचा पूर्ण पत्ता छापायला लागले, घर नंबर, रस्ता, गाव, सगळं. एवढ्या एका साध्या गोष्टीने काय झालं बघ, गावातला जो एकटाच पोरगा हे असलं रॉकेट-बिकेट वाचतो आणि घरचे म्हणतात काय हा वेडेपणा, त्याला कळलं की दोन राज्यं पलीकडे अजून एक वेडा आहे आणि त्याचा पत्ता हा असा आहे. त्याने त्याला थेट पत्र टाकलं. मग त्याने तिसऱ्याला. मग पत्रमैत्रीचे क्लब झाले, आणि तीच तीच पत्रं वीस जणांना हाताने लिहायचा कंटाळा आला तेव्हा मशीनचा विचार सुरू झाला. म्हणजे आधी पत्ते होते, छपाई नंतर आली. फॅनझिनची जागा मी इथे धरतो. स्वतः छापणारे त्यांच्या आधीही होतेच.

ते आधीचे कोण ते पण थोडक्यात. १८६७ च्या सुमारास अमेरिकेत टेबलावर ठेवायचे छोटे छापखाने विकायला आले आणि मध्यमवर्गातल्या पोरांनी घरी टाइप जुळवून चिमुकली वर्तमानपत्रं काढायचा सपाटाच लावला, १८७६ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटनासुद्धा झाली फिलाडेल्फियात. भयकथावाला लव्हक्राफ्ट याच परंपरेतला, १९१५ पासून त्याचं स्वतःचं 'द कन्झर्व्हेटिव्ह' होतं. पण त्या मंडळींचा विषय बरेचदा छपाई आणि आपली संघटना हाच असायचा, म्हणजे छापण्यासाठी छापणं. एकमेकांना अंक पाठवायची पद्धत मात्र फॅन लोकांनी त्यांच्याकडूनच उचलली. १९३७ मध्ये डोनाल्ड वॉलहाइमने फँटसी अमॅच्युअर प्रेस असोसिएशन काढली, तिला फापा म्हणतात. तिचं काम भिशीसारखं चालायचं. प्रत्येक सभासदाने आपल्या अंकाच्या ठरलेल्या प्रती एका माणसाकडे पाठवायच्या, तो सगळ्यांचे अंक एकत्र करून एकेक गठ्ठा प्रत्येकाला टपालाने पाठवणार, दर तीन महिन्यांनी. वर्षाला किमान आठ पानं स्वतःची द्यायलाच पाहिजेत नाहीतर नाव कटणार. नुसता वाचक नावाचा प्रकारच नाही त्यात! सभासदांची संख्या मर्यादित, बाहेर वेटिंग लिस्ट. पुढे सभासदांच्या अंकांत मागच्या गठ्ठ्यातल्या अंकांवर शेरे यायला लागले, त्यावर पुढच्या वेळी उलटशेरे, अशी एकेक चर्चा वर्षभर रेंगाळायची.

आता मशीन. तू झेरॉक्सच्या काळातली म्हणून हे जरा सावकाश सांगतो, कारण या मशीननेच फॅनझिनची भाषा घडवली असं मला वाटतं. सगळ्यात गरीब पद्धत हेक्टोग्राफ. बर्फी थापतात तसल्या उथळ ताटात जिलेटिन आणि ग्लिसरीन ओतून गोठवायचं, जांभळ्या शाईने लिहिलेला कागद त्यावर उपडा दाबायचा, शाई जेलीत उतरते, मग कोरा कागद ठेवून हात फिरवायचा आणि सोलून काढायचा. पन्नासेक प्रती नीट निघतात, शेवटच्या इतक्या फिक्या की उन्हात धरून वाचाव्या लागतील, आणि उन्हात धरल्या तर उडतील. बोटं आठवडाभर जांभळी.

त्याच्या वरची पायरी मिमिओग्राफ, म्हणजे आपली सायक्लोस्टाइल. मेण लावलेला पातळ कागद, ती स्टेन्सिल. टाइपरायटरची रिबन बाजूला करायची आणि अक्षराचा लोखंडी ठसा थेट स्टेन्सिलवर मारायचा, जिथे ठसा पडतो तिथलं मेण फाटतं, आणि ड्रममधली शाई त्या फटीतून कागदावर उतरते. जोरात मारलं की इंग्रजीतल्या ओ चा मधला गोल गळून पडतो आणि छापल्यावर तिथे काळा ठिपका येतो. आमच्या मराठी टाइपरायटरवर 'ठ' चं तेच व्हायचं आणि अनुस्वार तर सुई टोचल्यासारखा आरपार. चूक झाली तर लालसर रंगाचं करेक्शन फ्लुइड ब्रशने लावायचं, नेलपॉलिशसारखा वास, फुंकर मारून वाळवायचं, मग वर परत टाइप करायचं, त्यात वेळ जातो म्हणून माणूस बारीकसारीक चुका तशाच सोडून देतो. फॅन लोक या द्रवाला कॉर्फ्लू म्हणायचे आणि १९८४ पासून त्यांचं एक संमेलनच त्या नावाने भरतं, यावरून काय ते समज.

पण मुद्दा हा की यातले बरेच लोक कच्चा मसुदा करायचेच नाहीत. थेट स्टेन्सिलवर बसून मनात येईल ते टाइप. खोडता येत नाही म्हणून वाक्य चुकलं तर पुढच्या वाक्यात "म्हणजे मला असं म्हणायचं होतं" करून सावरायचं. त्यातून ती गप्पा मारल्यासारखी, फाटे फोडणारी, स्वतःचीच टिंगल करणारी शैली आली जी फॅनझिन उघडलं की पहिल्या पानात ओळखू येते. आणि दोन लेखांच्या मध्ये जागा उरली की वर खाली रेघ मारून मध्येच एखादं तिरपागडं वाक्य टाकायचे, संदर्भ काही नाही, आपल्याकडे ट्रकच्या मागे लिहितात ना, तसं. वेगवेगळ्या अंकांतली अशी वाक्यं एकत्र वाचायला मला लेखांपेक्षा जास्त मजा येते, हे कबूल करतो.

आता पैशाचं. जुन्या फॅनझिनवर किंमत असायची, पाच-दहा सेंट, पण शेजारी बरेचदा लिहिलेलं असायचं की 'नेहमीच्या मोबदल्यात' मिळेल. नेहमीचा मोबदला म्हणजे काय, तर तुमचा एखादा लेख किंवा चित्र, नाहीतर तुमच्या अंकाची अदलाबदल, नाहीतर अंक वाचून लिहिलेलं एक सविस्तर पत्र. या पत्राला लॉक (लेटर ऑफ कॉमेंट) म्हणतात, आणि त्याने संपादकाला जो आनंद होतो त्याला एगोबू, पाठीवरची थाप. यालाच ते चलन मानायचे आणि ते खरोखर चालायचं. बेलफास्टमधला वॉल्ट विलिस बघ. हा १९४८ पासून 'स्लँट' काढायचा, आणि ते मिमिओवर नाही, हातछापखान्यावर, एकेक खिळा जुळवून, चित्रं लिनोलियमवर कोरून. नंतर कंटाळला असणार, कारण १९५२ मध्ये त्याने 'हायफन' काढलं ते डुप्लिकेटरवर. अमेरिकेतल्या बहुतेकांनी त्याला प्रत्यक्ष पाहिलेलंही नव्हतं, पण त्याचं लिखाण लोकांना इतकं आवडायचं की शेल्बी व्हिक नावाच्या एका फॅनने वर्गणी गोळा करायला घेतली आणि १९५२ च्या शिकागोच्या जागतिक संमेलनाला त्याला चक्क जहाजाचं भाडं देऊन नेलं. पैसे मिळवायला म्हणून अंक काढला असता तर हे झालं असतं असं मला नाही वाटत.

याच विलिसने बॉब शॉबरोबर १९५४ मध्ये 'द एन्चांटेड डुप्लिकेटर' लिहिलं, फॅन लोकांचं पोथीसारखं पुस्तक. जोफान नावाचा तरुण खऱ्या फॅनांच्या देशात जादूची छपाईमशीन शोधायला निघतो, वाटेत आळस, अहंकार, छपाईचा कंटाळा असली सगळी संकटं, आणि शेवटी सापडते ती एक जुनी गंजकी मशीन, जी त्याचा हात लागल्यावरच उजळते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या त्या रविवारच्या मशीनचं हँडल आठवलं, ते दर चाळीस प्रतींनी निसटायचं.

साधारणपणे फॅनझिनचं महत्त्व सांगायचं म्हणजे लोक यादी देतात की यातून कोण कोण मोठे झाले. देतो मी पण, एका परिच्छेदात उरकतो. क्लीव्हलँडच्या जेरी सीगलने घरगुती 'सायन्स फिक्शन' नावाच्या मिमिओ अंकात जानेवारी १९३३ मध्ये एक सुपरमॅन छापला, चित्रं जो शुस्टरची, आणि तो सुपरमॅन टकला खलनायक होता! पाच वर्षांनी दोघांनी वेगळा, आपल्याला माहीत असलेला सुपरमॅन १३० डॉलरला विकून टाकला, ते दुःख वेगळंच. रे ब्रॅडबरीने १९३९-४० मध्ये 'फ्युच्युरिया फँटेशिया'चे चार अंक काढले. आर्थर क्लार्क ब्रिटनमधल्या 'नोव्हे टेरे'त लिहायचा, पुढे १९४६ मध्ये त्याच नावाचं इंग्रजी रूप घेऊन 'न्यू वर्ल्ड्स' हे धंदेवाईक मासिक निघालं. ठीक आहे. पण या यादीने फॅनझिन म्हणजे बालवाडी वाटायला लागते, पुढे मोठ्या शाळेत जायचं म्हणून. मला ज्यांनी हे तंत्र उचललं आणि भलतीकडेच नेलं ते लोक जास्त महत्त्वाचे वाटतात.

त्यातली एक बाई. लॉस एंजेलिसच्या सायन्स फिक्शन क्लबात टिग्रिना या टोपणनावाने वावरणारी एडिथ आइड. १९४७ मध्ये ती आरकेओ या फिल्म स्टुडिओत सेक्रेटरी होती, काम कमी, आणि साहेबाची ताकीद अशी की रिकामं बसलेलं दिसू नकोस. मग ती टाइप करत बसली. कागद, कार्बन, कागद, कार्बन, अशी पाच कार्बनची चळत टाइपरायटरला लावायची, पूर्ण अंक एकदा टाइप करायचा, आणि परत दुसरी चळत लावून तोच अंक पहिल्यापासून. अशा दहा-बारा प्रती. त्या मासिकाचं नाव 'व्हाइस व्हर्सा', अमेरिकेतलं लेस्बियन बायकांसाठीचं पहिलं नियतकालिक. सुरुवातीला काही प्रती टपालाने पाठवल्या, मग कुणीतरी सावध केलं की अश्लीलतेच्या कायद्यात सापडशील, तेव्हा हातोहात द्यायला लागली, वाचून झालं की फेकू नका, पुढे द्या असं सांगून. जून १९४७ ते फेब्रुवारी १९४८, नऊ अंक. नंतर तिने लिसा बेन हे नाव घेतलं, लेस्बियन या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधली अक्षरं फिरवून केलेलं. आता विचार कर, एखाद्या ऑफिसातल्या बाईला १९४७ मध्ये हे सुचावं की मासिक काढायला प्रकाशक लागत नाही, प्रेस लागत नाही, दहा वाचक असले तरी ते मासिकच असतं. हे ती कुठे शिकली असेल? माझ्या मते क्लबातल्या त्या मिमिओच्या ढिगाऱ्यात शिकली.

पॉल विल्यम्सचंही तेच. शाळेत असताना सायन्स फिक्शन फॅनझिन काढायचा, कॉलेजच्या पहिल्या वर्षात फेब्रुवारी १९६६ मध्ये 'क्रॉडॅडी' काढलं, रॉक संगीतावर गंभीरपणे लिहिणारं अमेरिकेतलं पहिलं मासिक, आणि पहिला अंक छापला कुठे, तर टेड व्हाइट या सायन्स फिक्शन फॅनच्या मिमिओवर. 'झेरो' नावाच्या फॅनझिनमध्ये १९६० पासून जुन्या कॉमिक्सवर लेखमाला आली आणि कॉमिक्सची वेगळी फॅन-दुनिया त्यातून वाढली, त्याच फॅनझिनमध्ये पुढे सिनेसमीक्षक म्हणून गाजलेला रॉजर एबर्ट पोरवयात कविता लिहायचा. १९६७ मध्ये दोन मुलींनी 'स्पॉकनेलिया' काढलं, फक्त स्टार ट्रेकला वाहिलेलं पहिलं फॅनझिन, आणि तिथून बायकांनी फॅनफिक्शनचं, म्हणजे आवडत्या पात्रांवर चाहत्यांनीच लिहिलेल्या गोष्टींचं, जे काही केलंय ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. अशा गोष्टींतल्या सर्वगुणसंपन्न नायिकेला म्हणतात ते 'मेरी सू' हे नाव १९७३ मध्ये पॉला स्मिथने अशाच एका ट्रेक फॅनझिनमध्ये टिंगल म्हणून लिहिलेल्या छोट्या गोष्टीतलं. आणि १९८२ मध्ये माइक गुंडरलॉयने 'फॅक्टशीट फाइव्ह' सुरू केलं, हाही सायन्स फिक्शनमधलाच. याचा अंक म्हणजे दुसऱ्या झाइन्सचे छोटे परिचय आणि पत्ते, पंक, राजकीय, कवितांची, कसलीही. म्हणजे परत पत्तेच.

सगळं गोड होतं असं समजू नकोस. ढिगाने कचरा छापला जायचा, त्याला ते स्वतःच क्रडझिन म्हणायचे. सुरुवातीची बरीच वर्षं मुख्यतः गोऱ्या पोरांचा अड्डा होता, बायकांना मान मिळायला वेळ लागला, एलिनॉर बझबी ही सायन्स फिक्शनचा ह्यूगो पुरस्कार मिळवणारी पहिली बाई, १९६० मध्ये, तो फॅनझिनसाठीच. आणि भांडणं तर विचारू नकोस. १९३९ च्या पहिल्याच जागतिक संमेलनात न्यूयॉर्कमध्ये सहा जणांना दारातूनच परत पाठवलं, कारण आयोजकांना त्यांची पत्रकं सापडली. गंमत म्हणजे आयोजकांविरुद्धचं ते पिवळं पत्रक लिहिणारा डेव्ह काइल आत आरामात बसला होता. छापायची सोय झाली की भांडणही छापलं जातंच.

आपल्याकडे हे का नाही झालं असं तू शेवटी सहज विचारलंयस. सायक्लोस्टाइलचं वावडं नव्हतं, पन्नासच्या दशकात मुंबईत दिलीप चित्रे, अरुण कोलटकर वगैरेंनी 'शब्द' काढलं ते सायक्लोस्टाइलच, लिटल मॅगझिनची सगळी चळवळ तिथून. पण ती कवितेची गरज होती, कवितेला दार बंद होतं. मराठी विज्ञानकथेला दार बऱ्यापैकी उघडं मिळालं. मराठी विज्ञान परिषदेने स्पर्धा घेतली, १९७४ मध्ये त्यात जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, 'कृष्णविवर' पाठवली आणि पहिली आली, पुढे मासिकं आणि दिवाळी अंक होतेच. लेखकाची सोय झाली, त्यामुळे वाचकाला वाचकाचा पत्ता शोधायची गरजच पडली नाही. दिवाळी अंकाला मी नावं ठेवत नाही, माझी निम्मी कमाई त्याच सीझनची होती.

आता तुझ्या अंकाचं. १०० प्रती काढतेयस असं लिहिलंयस, आधी चाळीस कर. त्याआधी वहीत चाळीस नावं-पत्ते लिहून काढ, तेवढी होत नसतील तर जेवढी होतात तेवढ्याच प्रती. किंमत ठेव हवी तर, पण शेजारी लिही की पत्राच्या किंवा अंकाच्या बदल्यातही मिळेल, आणि आलेलं पत्र पुढच्या अंकात छाप, कापून-छाटून नको, निदान अर्धं तरी. कागद स्वस्तातला पिवळट घेऊ नकोस, त्या काळचे कितीतरी अंक आता घडीवर तुटतात, आयोवा विद्यापीठात हेव्हलिन नावाच्या फॅनचा हजारो अंकांचा संग्रह आहे तो म्हणून तर स्कॅन करायला घेतला. घरचा पत्ता द्यायची भीती वाटत असेल, आणि आजकाल ते बरोबरच आहे, तर पोस्टात बॉक्स नंबरची चौकशी कर. पण कव्हरच्या आत कुठेतरी पत्ता हवाच, पिनकोडसकट. मला एक प्रत पाठव, मोबदला नेहमीचाच.